४२७ वरून ३१७: जळगावात नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचे क्लासच्या टेस्टमधले गुण चार महिन्यांत ४२७ वरून ३१७ वर आले. मुलगी, तिचं गाव, कॉलेज आणि क्लास यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बारावी विज्ञानच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक, समुपदेशक आणि होस्टेलचे वॉर्डन यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर मांडलं आहे.

पार्श्वभूमी

मुलगी बोरी नदीकाठच्या एका खेड्यातली. घरी सहा एकर शेती, त्यातली चार एकर कोरडवाहू. कापूस, थोडा मका, दोन म्हशी. धाकटा भाऊ आठवीत. दहावीला तिला ९४.६० टक्के मिळाले आणि गावात चौफुलीवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर तिच्या फोटोखाली ‘भावी डॉक्टर’ असं छापलेलं होतं. तो मजकूर मामाने परस्पर दिला होता, मुलीला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत तिने एकदाही म्हटलं नाही की मला डॉक्टर व्हायचं नाही. व्हायचंय असंही ती स्वतःहून म्हणाली नव्हती, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

जून २०२३ मध्ये तिला जळगावात आणलं. अकरावीचा प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवणी खासगी क्लासमध्ये, राहणं क्लासच्या ओळखीच्या होस्टेलवर. क्लासचे दोन वर्षांचे १ लाख ६० हजार, होस्टेल आणि मेस मिळून महिन्याला साडेसहा हजार. पहिला हप्ता कापसाच्या पैशातून गेला. दुसऱ्यासाठी आईची पोत गहाण पडली. वडील फोनवर एवढंच म्हणायचे, “पैसासनं आमी देखी लिसूत (पैशांचं आम्ही बघून घेऊ), तू फक्त अभ्यास कर.” पोतीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण दिवाळीला घरी गेली तेव्हा आईच्या गळ्यात नुसती काळ्या मण्यांची दोरी दिसली. तिनेही विचारलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची किंमत तिच्या मनात रुपयांत लागू लागली, हे तिने फार नंतर सांगितलं.

क्लासचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. एकपर्यंत तास, तीन ते पाच प्रश्नसराव, सात ते दहा अभ्यासिका. दर रविवारी पूर्ण टेस्ट. संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर मेसेज: गुण, एकूण रँक, बॅचमधली रँक. बॅचेस चार होत्या आणि महिन्याच्या सरासरीवर मुलं वरखाली व्हायची. ओळखपत्राच्या लेसचा रंग बॅचप्रमाणे वेगळा होता. त्यामुळे मेसमध्ये ताट घेऊन बसलं, की कोण कुठल्या बॅचचं आहे हे समोरच्याला गळ्याकडे बघून कळायचं.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती पहिल्या बॅचमध्ये होती. नोव्हेंबरात तिसऱ्या, डिसेंबरात चौथ्या.

अडचण कशी दिसली

गुण घसरताहेत हे क्लासला, घरच्यांना आणि होस्टेलला माहीत होतं. तिघांनीही त्याचा एकच अर्थ लावला: अभ्यास कमी पडतोय. क्लासने जादा तास दिले. वडिलांनी साधा फोन दिला आणि स्मार्टफोन घरी नेला. वॉर्डनबाईंनी रात्री अभ्यासिकेची वेळ वाढवून दिली. सगळ्यांची कळकळ खरी होती आणि प्रत्येक उपायाने तिची झोप आणखी कमी झाली.

खरी खूण दिसली ती जर्नलमध्ये. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कॉलेजमध्ये जर्नल तपासून सह्या देणं चालू होतं. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत प्रात्यक्षिकाचे प्रत्येकी ३० गुण, म्हणजे ९० गुण, असतात आणि जर्नल पूर्ण नसेल तर त्यांवर पाणी पडतं. हिच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये ऑक्टोबरनंतर एकही प्रयोग नव्हता. त्याआधीची पानं मात्र पट्टी लावून, दोन रंगांत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली होती. आळशी मुलाचं जर्नल पहिल्यापासून कच्चं असतं. हे एका ठरावीक महिन्यात तुटलं होतं. वर्गशिक्षिकेने सही नाकारून परत पाठवलं असतं तरी ते नियमाला धरूनच झालं असतं. त्यांनी तिला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं.

तिथे पुढच्या गोष्टी कळल्या. झोप रात्री दोन ते साडेपाच. सकाळचा नाश्ता महिनाभर बंद. पाळी अडीच महिने आलेली नाही. केस मूठभर गळताहेत. रविवारच्या टेस्टआधी पोटात कळा. आणि एक वाक्य, खाली मान घालून: “मॅडम, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं.”

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. असं वाक्य ऐकल्यावर शिक्षक बहुधा विषय बदलतात किंवा ‘असं बोलू नये’ म्हणतात. वर्गशिक्षिकेने कॉलेजच्या समुपदेशकाला बोलावलं आणि त्यांनी सरळ विचारलं: मरून जावं असं मनात येतं का? तसं काही करायचं ठरवलंय का? असं थेट विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं, की ओझं उतरतं. तिने सांगितलं, की विचार येतो, पण काही ठरवलेलं नाही. त्या उत्तरामुळे प्रसंग आणीबाणीचा ठरला नाही, तरी तिला त्या दिवशी एकटं होस्टेलवर पाठवायचं नाही हे नक्की झालं. आईवडिलांना काय सांगणार, कोणत्या शब्दांत सांगणार, हे आधी तिला सांगितलं. “हे वाक्य मला लपवता येणार नाही, पण रँक, बॅच यातलं तुला नको असेल ते मी बोलणार नाही,” असं समुपदेशक म्हणाले. या क्रमामुळे तिचा विश्वास टिकला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

गुणांच्या मागे काय होतं

दोन दिवसांत शासकीय रुग्णालयात तपासणी झाली. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही खालची मर्यादा धरली जाते. थायरॉइड ठीक होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही हे बजावून सांगितलं, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. होस्टेलवर मुली गोळी चहाबरोबरच घेतात. मानसोपचार तज्ज्ञांनी तपासलं. लगेच औषध लागेल असं त्यांना वाटलं नाही, दर पंधरा दिवसांनी भेट ठरली.

दुसरीकडे भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने तिच्या टेस्टच्या उत्तरपत्रिका मागवल्या. या प्रकरणातला सगळ्यात शिकवून जाणारा भाग हाच आहे, म्हणून आकडे पूर्ण देतो.

सप्टेंबरच्या टेस्टमध्ये तिने १३८ प्रश्न सोडवले होते. बरोबर ११३, चूक २५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, म्हणजे ४५२ वजा २५, एकूण ४२७. १२ जानेवारीच्या टेस्टमध्ये तिने १६८ सोडवले. बरोबर ९७, चूक ७१. ३८८ वजा ७१, एकूण ३१७. तीस प्रश्न जास्त सोडवून ११० गुण कमी.

पहिला तर्क असा होतो, की अंदाजपंचे गोळे भरले म्हणून निगेटिव्ह मार्किंगने खाल्लं. क्लासने तेच सांगितलं होतं. ते तपासायला शिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. चुकलेले ७१ प्रश्न दोन दिवसांनी, पुस्तक बंद ठेवून, घड्याळ न लावता तिच्याकडून पुन्हा सोडवून घेतले. तिने तीन ढीग केले: येत असून चुकलेले २२, अर्धवट येणारे १८, निव्वळ अंदाजाने मारलेले ३१. एकूण अंदाजाने मारलेले प्रश्न ३८ होते, त्यातले ७ बरोबर आले होते. म्हणजे अंदाजाचा हिशोब २८ वजा ३१, फक्त तीन गुणांचा तोटा. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. अंदाज हा खरा शत्रू नव्हताच.

शत्रू होता पहिल्या ढिगात. येत असूनही चुकलेला प्रश्न पाच गुण नेतो: हातचे चार आणि वरून एक. सप्टेंबरात असे प्रश्न ६ होते, जानेवारीत २२. वाढलेल्या १६ प्रश्नांचे ८० गुण होतात. घसरलेल्या ११० पैकी ८० गुण जे येत होतं त्यातच गेले होते. त्या २२ मध्ये ९ प्रश्न असे, की ‘अयोग्य विधान कोणतं’ विचारलेलं असताना तिने योग्य विधान निवडलं होतं. ५ ठिकाणी चिन्ह किंवा एकक चुकलं होतं. आणि उरलेले ८ ओएमआर शीटवर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, चुकले होते. तिने १११ वा प्रश्न सोडला, पण ११२ चं उत्तर १११ च्या ओळीत भरलं, आणि तिथून १२० पर्यंत नऊ गोळे एकेक ओळ वर सरकत गेले. एक योगायोगाने बरोबर निघाला, आठ गेले. ते सगळे वनस्पतिशास्त्राचे होते, तिचा सगळ्यात पक्का भाग. बॉलपेनने भरलेला गोळा पुसता येत नाही. १२० व्या प्रश्नाशी तिच्या लक्षात आलं तेव्हा पुढची वीस मिनिटं तिने काय सोडवलं हे तिला आठवत नव्हतं.

हे ज्ञान कमी पडण्याचं लक्षण नाही. साडेतीन तास झोपलेल्या, उपाशी आणि घाबरलेल्या मेंदूचं आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते. असल्या चुकांवर जादा तासांचा उपाय म्हणजे भोक पडलेल्या घागरीत आणखी पाणी ओतणं.

पुढे असलेले पर्याय

१८ जानेवारीला आईवडील एसटीने जळगावला आले. बैठक प्रयोगशाळेतच झाली. त्याआधी अर्धा तास मुलीशी एकटीशी बोलून तिची इच्छा विचारून घेतली होती, आणि बैठकीत ती आधी मांडली गेली. तिला बोर्डाची परीक्षा व्यवस्थित द्यायची होती. टेस्टला बसायचं नव्हतं. नीट द्यायची की नाही, ते तिला ठरवता येत नव्हतं.

पहिला पर्याय आईचा: आजच घरी नेऊ. त्यात माया होती, झोप होती, घरचं जेवण होतं. अडचण अशी की प्रात्यक्षिकं आठवड्यावर आली होती आणि फ्लेक्स लागलेल्या गावात ‘पोरगी परत आली’ ही चर्चा चुकणार नव्हती. दुसरा, आहे तसंच चालू ठेवून फक्त समुपदेशन घ्यायचं. क्लासचं मत तेच होतं. पण दर रविवारी तोच मेसेज आणि तीच लेस असताना आठवड्याला एक तास बोलून किती फरक पडणार? तिसरा, या वर्षी नीट सोडून द्यायची, बोर्ड आणि सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यायची आणि पुढल्या वर्षी रिपीट करायचं. मामाचा कल इकडे होता: “एक वरीस गयं ते काय फरक पडस?” यावर समुपदेशकांनी ठाम हरकत घेतली. घाबरलेल्या अवस्थेत रिपीटचं वचन दिलं, की आत्ताचं ओझं एक वर्षाने लांबतं, हलकं होत नाही.

निवडला गेला तो चौथा: होस्टेल सोडून जळगावातच मावशीकडे राहायचं, क्लासच्या रविवारच्या टेस्ट पूर्ण बंद, लेखी परीक्षा संपेपर्यंत फक्त बोर्डाचा अभ्यास, नीटचा फॉर्म मात्र भरून ठेवायचा. फॉर्मवर बरीच चर्चा झाली. भरला तर दडपण राहील, नाही भरला तर मार्चमध्ये बरं वाटल्यावर दार बंद झालेलं असेल. फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये भरायचा होता. ‘फॉर्म भरणं म्हणजे परीक्षा द्यायचं कबूल करणं नाही’ हे वाक्य वडिलांनी तिच्यासमोर म्हणायचं ठरलं. त्यांनी ते म्हटलं, दोनदा म्हटलं.

काय केलं

आधी जर्नल. चार दिवस रोज दुपारी दोन तास, प्रयोगशाळा सहायकाच्या मदतीने राहिलेले प्रयोग खरोखर करून लिहिले. नकलून काढायला दोन रात्री पुरल्या असत्या, पण प्रात्यक्षिकाच्या तोंडीत तेच उघडं पडतं. शिवाय तिच्या हातून एखादं काम पूर्ण होणं त्या घडीला औषधाइतकं गरजेचं होतं.

दिनक्रम असा बसवला: साडेदहाला दिवा बंद, सहाला उठणं. पहिले दहा दिवस ती अकरा-बारापर्यंत नुसती पडून असायची. तरीही उठून पुस्तक उघडायचं नाही असं ठरलं होतं. अभ्यास पन्नास मिनिटांचा एक, असे दिवसाला सहाच. सहा हा आकडा ऐकून वडील चपापले, कारण आधी चौदा तास चालायचे. नाश्ता सक्तीचा.

चुकांची वही केली. त्यात गुण लिहायचे नाहीत. प्रत्येक सराव पेपरनंतर चूक कुठल्या ढिगातली, एवढंच. ‘येत असून चुकलेले’ हा आकडा खाली आणणं हेच एकमेव लक्ष्य. ओएमआरसाठी तीन सवयी लावल्या. प्रत्येक पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि गोळ्याचा क्रमांक बोट ठेवून जुळवायचा. प्रश्न सोडला तर त्या ओळीशेजारी प्रश्नपत्रिकेत मोठं वर्तुळ करायचं. आणि ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळता’ हे शब्द दिसताक्षणी अधोरेखित करायचे. जानेवारीच्या अखेरीस नीटचं स्वरूपही बदललं: पर्यायी प्रश्न गेले, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं राहिली, आधीची वीस मिनिटं कमी झाली. क्लासच्या मुलांमध्ये घबराट पसरली. हिला ते आठवडाभर उशिरा, शांतपणे, समोर बसवून सांगितलं गेलं.

वडिलांचा फोन हा वेगळाच विषय निघाला. दर रविवारी रात्री पहिला प्रश्न असायचा, “कितला मार्क पडनात?” तो बंद करायचं ठरलं, त्याऐवजी “जेवनी का?” विचारायचं. पहिले तीन फोन वीस-वीस सेकंदांत संपले. जेवण विचारून झालं, की वडील गप्प व्हायचे, आणि त्या गप्प बसण्यात तिला जुनाच प्रश्न ऐकू यायचा. प्रश्न काढून घेतला होता, त्याजागी बोलायला काही दिलं नव्हतं. मग समुपदेशकांनी त्यांना सांगितलं, की भाऊ, घरचं सांगा, कापसाला काय भाव मिळाला, म्हैस कधी व्यायची आहे, काहीही. फेब्रुवारीत म्हैस व्यायली त्या रात्री फोन अठरा मिनिटं चालला.

दोन गोष्टी फसल्या. क्लासला ‘मेसेज पाठवू नका’ हे तोंडी सांगितलं होतं. यंत्रणा आपोआप मेसेज पाठवणारी, त्यामुळे ‘गैरहजर, रँक नाही’ असे तीन मेसेज वडिलांना गेले आणि तिसऱ्यानंतर त्यांचा धीर सुटला. आणि मावशीची मुलगी त्याच क्लासच्या अकरावीत होती. जेवताना तिच्या टेस्टची चर्चा व्हायची. होस्टेलमधली तुलना टाळायला म्हणून जिथे आणलं, तिथे ती स्वयंपाकघरात येऊन बसली होती. तीन आठवड्यांनी मुलीचं जेवण पुन्हा कमी झालं तेव्हा हे लक्षात आलं. मावशीने ताटावर गुणांचा विषय बंद केला, पण ते तीन आठवडे बोर्डाच्या लेखी परीक्षेच्या तोंडावरचे होते.

आखाजीचा निर्णय

बोर्ड पार पडलं, एप्रिलमध्ये सीईटी झाली. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसल्याने तिचा हात सैल राहिला. मार्चअखेर तिने स्वतः सांगितलं, की नीट द्यायची आहे. नीट ४ मेला होती. आखाजी ३० एप्रिलला.

खान्देशाबाहेरच्या वाचकाला हा पेच कळायला थोडं सांगायला हवं. अक्षय्य तृतीया इथे आखाजी म्हणून ओळखली जाते आणि तो लेकीबाळींचा सण आहे. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी होते. मुलीला घरी जायचं होतं. मामा आणि मावशी दोघांचं म्हणणं, चार दिवसांवर परीक्षा आणि झोके कसले खेळता.

समुपदेशकांनी जाण्याच्या बाजूने मत दिलं. शेवटच्या चार दिवसांत नवीन काही पदरात पडत नाही, आणि तिची झोप घरी सगळ्यात चांगली लागते हे दोन महिन्यांच्या नोंदीत दिसत होतं. धोका नातेवाइकांच्या प्रश्नांचा होता. म्हणून वडिलांनी आधीच घरोघर जाऊन सांगितलं, परीक्षेबद्दल पोरीला कुणी विचारायचं नाही. तरी दोघांनी विचारलंच. वडील मध्ये पडले, तिला उत्तर द्यावं लागलं नाही. निंबाला बांधलेल्या झोक्यावर ती आणि शेजारची लग्न झालेली मैत्रीण दुपारभर होत्या.

१ मेला ती परतली ती पोट बिघडवूनच. पाहुण्यांची गर्दी, उन्हाचा कडाका, उघड्यावरचं पाणी. दीड दिवस मीठ-साखरेचं पाणी आणि ओआरएसवर गेला. परीक्षेच्या दिवशी ती ठीक होती, पण अशक्त. जाऊ देण्याचा निर्णय आमच्या मते योग्यच होता. खाण्यापिण्याची काळजी सांगायची राहून गेली, ही चूक सल्ला देणाऱ्यांची.

निकाल

नीटच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मेला, बारावीचा निकाल लागला: ६०० पैकी ४२८, म्हणजे ७१.३३ टक्के. प्रात्यक्षिकात ९० पैकी ८४. दहावीच्या ९४.६० शी तुलना करून आई रडली. मुलगी रडली नाही.

नीटमध्ये तिने १३१ प्रश्न सोडवले. बरोबर ९२, चूक ३९, गुण ३२९. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा भाग भल्याभल्यांना जड गेला होता, त्यामुळे क्लासच्या टेस्टशी या गुणांची तुलना करण्यात अर्थ नाही. पात्रता मिळाली, शासकीय एमबीबीएस मिळण्याजोगे गुण नव्हते. घरी आल्यावर आठवून तिने चुकांची वही शेवटची भरली. ओएमआरवर एकही गोळा सरकला नव्हता.

रिपीटचा प्रश्न आलाच. क्लासकडून फोन आला, रिपीटर बॅचला निम्मी फी माफ. इथे एप्रिलमध्ये, निकालाच्या आधी, लिहून ठेवलेला एक कागद उपयोगी पडला. त्यावर मुलीने आणि वडिलांनी सह्या केल्या होत्या. रिपीट करायचं तर चार अटी: तिने स्वतःहून मागितलं पाहिजे, बॅच पाडणाऱ्या क्लासमध्ये नाही, आणखी काही गहाण न ठेवता, आणि डॉक्टरांचा होकार असेल तरच. निकाल हातात असताना माणूस अटी लिहू शकत नाही, त्या वेळी भीती किंवा हाव लिहिते. चारपैकी पहिली अटच पूर्ण झाली नाही. तिने मागितलं नाही.

तिने बी.फार्म.ला प्रवेश घेतला, सीईटीच्या गुणांवर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढून ठेवल्याने ती सवलत मिळाली. दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन ११.८ वर आलं, पाळी नियमित झाली, मानसोपचार तज्ज्ञांच्या भेटी थांबल्या. क्लासचा जुना ग्रुप मात्र ती अजून उघडत नाही. आणि अधूनमधून विचारते, की एक वर्ष दिलं असतं तर जमलं असतं का. त्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही असं समुपदेशकांनी ठरवलं आहे. कदाचित जमलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

सप्टेंबर ते जानेवारी हे चार महिने वाया गेले. गुण सलग दोन टेस्टमध्ये पन्नासहून जास्त घसरले, की उत्तरपत्रिका तीन ढिगांत लावून बघणं हे एका दुपारचं काम आहे. ते ऑक्टोबरात झालं असतं तर जर्नल तुटलंच नसतं. कनिष्ठ महाविद्यालयाकडे आणखी एक खूण होती: ऑक्टोबरपासून ती प्रॅक्टिकलला गैरहजर होती. हजेरीपत्रकावर ते उमटलं, पण विचारपूस कुणी केली नाही. क्लासशी जोडलेल्या मुलांची गैरहजेरी गृहीतच धरायची सवय लागली आहे, आणि ही सवय जीवघेणी ठरू शकते.

बॅच पाडण्याचं काय? खासगी क्लाससाठीच्या केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टेस्टचा निकाल जाहीर करू नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, असं सांगितलेलं होतंच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणांवरून बॅचेस पाडणं आणि मुलांना चारचौघांत कमी लेखणं शक्यतो टाळावं असंही सांगितलं. या प्रकरणाला ते उशिरा आलं. पण लेसचा रंग एक करायला न्यायालयाची वाट बघायची गरज नव्हती. वॉर्डनबाईंनी विनंती केली असती तर मेसपुरती तरी ती मान्य होण्यासारखी होती. कुणी केली नाही, कारण लेस कुणाला खटकलीच नव्हती. मुलगी म्हणाली, तिला रँकपेक्षा लेस जास्त लागायची.

पैशाचं घरात उघड बोलायला हवं होतं. पोत गहाण ठेवल्याचं लपवल्याने तिचं ओझं हलकं झालं नाही, उलट त्याबद्दल बोलायची सोय गेली. जानेवारीच्या बैठकीत आईने ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, “मला माहितीये.” कापूस विकल्यावर पोत सोडवायची तारीख मुलीसमोर ठरवली, तो सल्ला पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

फी परतीबाबत मोठी चूक झाली. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी, होस्टेल आणि मेसचीही. वडिलांनी भिडेखातर महिनाभर तोंडी विचारलं. लेखी अर्ज फेब्रुवारीच्या शेवटी गेला, तोही पोच न घेता. होस्टेलची अनामत मिळाली, क्लासची फी नाही. अर्ज क्लास सोडल्याच्या दिवशीच, दोन प्रतींत, एका प्रतीवर सही-शिक्का घेऊन द्यायचा असतो. मेसेज बंद करण्याची विनंतीही अशीच लेखी हवी होती.

आणि धाकटा भाऊ. बहिणीच्या सगळ्या धावपळीत कुणाच्या ध्यानात नव्हतं, की त्याच्यासाठीही त्याच क्लासच्या आठवीच्या फाउंडेशन बॅचचे ४२ हजार जून २०२४ मध्येच भरलेले होते. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं ती तत्त्वं सांगतात. हे जानेवारीच्या बैठकीत विचारलं असतं तर कळलं असतं. ते कळलं जूनमध्ये, जेव्हा पुढच्या वर्षाचा हप्ता मागायला फोन आला. वडिलांनी तेव्हा भरला नाही. मुलगा आता गावच्या शाळेत नववीत आहे, आणि त्याच्या रविवारच्या सुट्टीत म्हशी चारायला नेतो.